आखणीची सुई

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे मिलीमीटर म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. दोन पत्र्यांमधली फट बघून दुसरा कुणी ‘बसलं की’ म्हणाला, की हा खिशातून स्टीलची पट्टी काढायचा, एक डोळा मिटायचा आणि सांगायचा, “दीड मिलीमीटर जास्त.” घरी भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं लटकत असेल तर त्याला घास उतरत नसे. बायको म्हणायची, मला बघायला आले तेव्हा पट्टी घरी विसरले असणार, नाहीतर माझ्या नाकात नक्की काहीतरी वाकडं सापडलं असतं.

वर्कशॉप सासऱ्यांचं. खाली पत्र्याच्या छपराचा लांबलचक हॉल, वर सासू-सासऱ्यांचं बिऱ्हाड, मागच्या दोन खोल्यांत मिलीमीटरचा संसार. काम एकच, जुन्या गाड्यांना नवं अंग चढवायचं. नवा बंपर, दारांखालचे स्कर्ट, मागचा स्पॉयलर आणि चाकांवर बसणाऱ्या रुंद पट्ट्या, ज्यांना इथे सगळे भुवया म्हणत. हे सगळं फायबरचं सामान मोठाल्या खोक्यांतून येतं. खोक्यावर ‘जसंच्या तसं बसतं’ असं छापलेलं असतं आणि आजवर एकही जसंच्या तसं बसलेलं नाही. बंपर पिळवटलेला असतो, भोकं सरकलेली असतात, एक स्कर्ट दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब निघतो. म्हणून रंग देण्याआधी सगळं कोरडंच बसवून बघायचं, घासायचं, पुन्हा बसवायचं. आणि भुवया बसवायच्या तर चाकावरच्या कमानीचा मूळ पत्रा कापावा लागतो. फायबर चुकलं तर दुसरं मागवता येतं, कापलेला पत्रा मात्र परत येत नाही.

त्यासाठी मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, एक नियम होता. आखणारा कापणार नाही आणि कापणारा आखणार नाही. त्यामुळे प्रत्येक कापणीवर चार डोळे पडत. काही बिघडलं तर मामा आवाज चढवत नसत, फक्त विचारत, “रेघ कोणाची?” रेघ चुकली असेल तर आखणाऱ्याने मान खाली घालायची, रेघ सोडून कापलं असेल तर कापणाऱ्याने. अठरा वर्षं मामांनी आखलं आणि मिलीमीटरने कापलं. मामांची आखणीची सुई लाकडी मुठीची होती आणि मूठ त्यांच्या अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली. ती सुई दुसऱ्या कुणाच्या हातात मिलीमीटरने कधी पाहिली नव्हती.

यंदा मामांचे डोळे थकले. रेघ त्यांना दोन दिसायला लागली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की आता सुई दुसऱ्याने धरायची. दुसरा म्हणजे कोण, हे काय विचारायचं? मिलीमीटरने तर सुईसाठी आपल्या पेटीत कप्पासुद्धा रिकामा करून ठेवला. आणि मामांनी सुई धाकट्या जावयाच्या हातावर ठेवली. वर मिलीमीटरला म्हणाले, “तुमच्यासारखं कापणारा मला कुठे मिळणार?”

मिलीमीटर हसला. ते हसू घरी पोचेपर्यंत आंबून गेलं होतं.

हा धाकटा जावई म्हणजे त्याचा साडू. तीन वर्षांपूर्वी धाकट्या मेहुणीशी लग्न करून या घरात आला. त्याआधी होड्या बनवायच्या कारखान्यात फायबरचं काम करत होता. कमी बोलायचा, हळू चालायचा आणि पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून कान लावून ऐकत बसायचा, दाराबाहेर उभ्या पाहुण्यासारखा. मिलीमीटरने पहिल्याच महिन्यात निदान केलं होतं, नव्याचे नऊ दिवस. तीन वर्षं झाली तरी ते नऊ दिवस काही संपेनात. सासूबाई जेवायला वाढताना ‘धाकट्यांना आधी’ म्हणायच्या. गिऱ्हाइकं ‘ते शांत आहेत ना, त्यांना बोलवा’ म्हणायची. एकदा वाकडा आलेला बंपर साडूने अर्धा दिवस उन्हात टेबलावर उलटा ठेवून दिला. मिलीमीटर सगळ्यांदेखत म्हणाला, “आता तेल लावून मालिशही करा त्याला.” दुपारी बंपर सरळ झाला. त्या दिवशी मिलीमीटरने ताटाला हात लावला नाही.

अशात दंतवैद्यबाईंची गाडी आली. ही गाडी म्हणजे वर्कशॉपची जुनी सोयरी. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. बाईंनी आपला दवाखाना काढला त्याच वर्षी नवी घेतलेली. सत्तावीस वर्षांत त्यांनी ती दुसऱ्या कुणाला ना चालवू दिली, ना दुरुस्त करू दिली. आता बाई साठ पूर्ण करणार होत्या. त्या म्हणाल्या, “मी नटून काही उपयोग नाही, गाडीला नटवा.” पूर्ण संच मागवला होता, पुढून मागून, चार भुवयांसकट.

आणि ही गाडी म्हणजे मिलीमीटरच्या आयुष्यातलं प्रमाणपत्र होतं. सतरा वर्षांपूर्वी, त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, बाईंनी गाडीचं उजवं मागचं अंग दवाखान्याच्या फाटकाच्या खांबावर घासलं होतं. मामा तेव्हा आजारी बहिणीकडे गेलेले. बाईंना गाडी तीन दिवसांत हवी होती. मिलीमीटरने एकट्याने ती ठोकली, घासली, रंगवली. मामा परतले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “लागली होती ती कोणती बाजू?” मग म्हणाले, “जावईबापू, हात आहे तुमच्याकडे.” मामा कौतुकाच्या बाबतीत भलतेच काटकसरी. तेवढं एक वाक्य मिलीमीटरला सतरा वर्षं पुरलं होतं. ही गोष्ट त्याने नव्या माणसाला, जुन्या गिऱ्हाइकाला, साडूच्या लग्नात साडूलाही सांगितली होती. इतक्यांदा सांगितली, की सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आणि तिच्यातलं खुपणारं सगळं कधी गळून पडलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गाडी खांबावर घासली त्याच सुमारास सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी आणलेली हिरवी जाळी हरवली होती. त्या ती अजून शोधत होत्या आणि माशी दिसली की अजून शेजारणीचं नाव घेत होत्या.

आठवडाभर कोरडी बसवणी चालली. स्कर्ट बसले, पुढचा बंपर तीन वेळा काढून चौथ्यांदा बसला. शुक्रवारी साडूने मागच्या दोन्ही कमानी आखायला घेतल्या. डावी बाजू त्याने तासाभरात उरकली. उजव्या बाजूला मात्र बराच वेळ नुसता बसून होता. बोट वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा. डिकीत डोकं घालून बॅटरी मारून आला. मग एकदम मिलीमीटरकडे बघितलं आणि नजर वळवली. शेवटी पत्र्यावर निळी टेप लावून त्याने रेघ ओढली आणि सुई पुसून ठेवली.

साडू हात धुवायला गेला तसा मिलीमीटर पट्टी घेऊन उकिडवा बसला. डावी मोजली, उजवी मोजली. त्याचा विश्वास बसेना. पुन्हा मोजली. उजवी रेघ डावीपेक्षा बारा मिलीमीटर खाली होती. बोटभर! पहिल्या दिवशीचं शिकाऊ पोरही एवढं चुकणार नाही. त्याच्या पोटात आठवडाभर जे दुखत होतं ते एकदम थांबलं आणि तिथे काहीतरी गोड गोड वाटू लागलं.

खरं तर त्याने तिथेच हाक मारायची होती. चार डोळ्यांचा नियम त्यासाठीच तर होता. पण मिलीमीटरने पट्टी खिशात घातली आणि मूग गिळून उठला.

संध्याकाळी त्याचा चेहरा बघून बायकोने विचारलं की आज काय लॉटरी लागली का. त्याने सांगितलं, तुझ्या बहिणीचा नवरा बोटभर चुकलाय. उद्या अकराला बाई स्वतः कापणी बघायला येणार आहेत, मामाही खाली असतील, तेव्हा सगळ्यांसमोर दाखवणार.

“आत्ता का नाही सांगितलंत?” बायको म्हणाली.

“सुई मामांनी सगळ्यांसमोर दिली होती ना? मग चूकही सगळ्यांसमोर दिसू दे.”

बायकोने धुतलेल्या कपड्यांची घडी घालता घालता त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, “आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. माझी आजी म्हणायची.” आपलं काय झाकलंय, असं तो तोऱ्यात म्हणाला आणि कॅलेंडर सरळ करून आला.

शनिवारी अकराला बाई आल्या. मामा स्टुलावर बसले. डावी कमान मिलीमीटरने कापली तेव्हा ठिणग्यांची शेपटी थेट भिंतीपर्यंत गेली, आणि कापलेला तुकडा त्याने मामांच्या हातात दिला. मामांनी कडेवरून बोट फिरवून मान हलवली. मग मिलीमीटर उजव्या बाजूला आला, ग्राइंडर खाली ठेवला आणि पट्टी काढली.

“साडूभाऊ, जरा इकडे या. ही रेघ तुमचीच ना?”

साडू म्हणाला, हो.

मिलीमीटरने आकडे मोठ्याने वाचले. आधी डाव्या तुकड्याचे, मग उजव्या रेघेचे. बाई पुढे वाकून बघू लागल्या. साडूचे कान लाल झाले. तो हलक्या आवाजात म्हणाला, “राहू द्या ना दादा. दोन्ही रेघा भुवईखालीच जातात. टायरला जागा मी मोजलीय, पुरते. कुणाला दिसणार नाही.”

“दिसत नाही म्हणजे नसतं असं नाही, साडूभाऊ,” मिलीमीटर म्हणाला. हे वाक्य त्याने सकाळी दाढी करताना जुळवून ठेवलं होतं.

साडूने त्याच्याकडे बघत मान किंचित हलवली. नको, असं म्हणत होता तो, लहान मुलाला गरम भांड्यापासून लांब करताना हलवतात तशी. मिलीमीटरला वाटलं, गयावया करतोय. त्याने हात पुढे केला. “सुई द्या.”

साडूने मामांकडे बघितलं. मग सुई दिली. मिलीमीटरचा अंगठा मुठीवरच्या खोलगट जागी पडला आणि अठरा वर्षांचा हिशेब चुकता झाल्यासारखं त्याला वाटलं. त्याने साडूची टेप ओढून काढली, नवी लावली आणि बारा मिलीमीटर वर, डाव्या बाजूशी तंतोतंत जुळणारी रेघ ओढली. रेघ सुरेख होती. बाई ‘वा’ म्हणाल्या.

“आता कापणार कोण?” मामांनी विचारलं. “आखणारा कापत नाही.”

“आज मीच कापतो, मामा. धाकट्यांचा हात आज जागेवर नाही.”

मामांनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. “बघा,” एवढंच म्हणाले.

ग्राइंडर सुरू झाला. चकती पत्र्याला लागली, ठिणग्या उडाल्या, भिंतीपर्यंत शेपटी गेली. चार बोटं अंतर छान कापलं गेलं. आणि मग ठिणग्या थांबल्या.

चकती फिरत होती, कापत होती, पण ठिणगी एक नाही. नुसती पांढरट धूळ उडत होती, खडूसारखी, त्याच्या मनगटावर बसत होती. बाकीच्यांना अजून काही कळलं नव्हतं. मिलीमीटरला कळलं. लोखंडातून ठिणगी उडते, खड्डे बुजवायच्या पुट्टीतून धूळ. सतरा वर्षं गोष्टीतून गळलेलं सगळं एका क्षणात परत आलं. फाटलेला पत्रा, हातात उरलेला एकच दिवस, आणि भोकातली पुट्टी आतून अडवायला काहीच सापडेना म्हणून वरच्या स्वयंपाकघरातून गुपचूप आणलेलं ते. त्याने ग्राइंडर बंद केला, पण उशीर झाला होता. हादऱ्याने चीर गेली होती. हाताच्या पंजाएवढा, बोटापेक्षा जाड पुट्टीचा थर सुटला आणि मामांच्या चपलेजवळ पडून दुभंगला. आतून हिरवी जाळी बाहेर आली.

साडू घाईघाईने म्हणाला, “हे बाहेर कुठेतरी केलेलं असणार. मधल्या काळात कुणीतरी…”

“छे हो,” बाई म्हणाल्या. “ही गाडी दुसरीकडे कुठे गेलीच नाही कधी.” त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्या खरं तेच सांगत होत्या. मग त्यांनी वाकून तुकडा उचलला, दिव्याकडे धरला आणि म्हणाल्या, “अहो, हे तर मी रोज करते. पोकळी भरते. पण आधी कीड काढते मी.”

मामांनी हात पुढे केला. बाईंनी तुकडा त्यांना दिला. मामांना दिसत कमी होतं, म्हणून त्यांनी अंगठ्याने जाडी चाचपली, मग जाळीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. वर, जिन्याच्या दिशेला, त्यांनी एकदा मान वळवली. वरच्या खिडकीत सासूबाई भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज खाली येत होता.

“रेघ कोणाची?” मामांनी विचारलं.

“माझी,” मिलीमीटर म्हणाला.

“कापलं कोणी?”

“मीच.”

“आणि हे?”

मिलीमीटरने मनगटावरची धूळ पुसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि त्याने तर हात दाखवायला माणसं जमवली होती. मामांनी तो तुकडा शेजारच्या बाकावर ठेवला, अगदी हळू, काचेचा असावा तसा. ‘हात आहे तुमच्याकडे’ हे वाक्य त्यांनी परत घेतलं नाही. तशी गरजही उरली नव्हती. बाईंना ते म्हणाले की आठ दिवस जास्त लागतील, पत्रा नवा जोडून देतो, आणि जिना चढून वर गेले.

सोमवारी काम पुन्हा सुरू झालं. फाटका भाग मिलीमीटरने कापून काढला, नवा पत्रा जोडला आणि ठोकून आकाराला आणायला बसला. हे काम एकट्याचं नाही. एकाने आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. सतरा वर्षांपूर्वी आतून धरायला कुणी नव्हतं, आणि कुणाला बोलवावं असं त्याला वाटलंही नव्हतं. आज साडू न सांगता डिकीत शिरला, अंग मुडपून आडवा झाला आणि ठोकळा टेकवून म्हणाला, “मारा, दादा.”

बराच वेळ नुसते घाव पडत होते. मग मिलीमीटरने हातोडी थांबवली.

“कधी कळलं?”

“शुक्रवारी. बोट वाजवलं तर आवाज बसका आला. मग आतून जाळी दिसली.”

“म्हणून रेघ खाली घेतलीस?”

“हो. तेवढा भाग वाचत होता.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार? ती गोष्ट तुम्ही माझ्याच लग्नात सांगितली होती,” साडू म्हणाला. “आमच्या घरीही सांगतात. माझी आई सांगते, थोरल्या जावयाचा हात असा आहे म्हणून.”

मिलीमीटरने पुन्हा हातोडी उचलली. शनिवारी साडू हसला असता, एखादा टोमणा मारला असता, तर बरं झालं असतं. हसणाऱ्याशी भांडता येतं. या माणसाने त्याचं झाकलेलं अंग बघितलं होतं आणि वरून पांघरूण ओढून दिलं होतं, आणि तेच मिलीमीटरला सोसवत नव्हतं. आज तर पूर्वीपेक्षाही जास्त हेवा वाटत होता त्याला. आधी फक्त सुईचा होता.

संध्याकाळी पत्रा सरळ झाला. मामा खाली आले, त्यांनी बोट वाजवून ऐकलं, दोनदा ऐकलं आणि स्टुलावर बसले. मिलीमीटरने आपली पेटी उघडली. शनिवारपासून सुई त्याच्याकडेच राहिली होती, त्या रिकाम्या करून ठेवलेल्या कप्प्यात, आणि तिला तिथे अगदी माप घेतल्यासारखी जागा होती. त्याने ती काढली, फडक्याने पुसली आणि डिकीतून बाहेर येऊन पाठ चोळत असलेल्या साडूकडे मूठ करून पुढे धरली.

“आख,” तो म्हणाला.

साडूने टेप लावली आणि श्वास रोखून रेघ ओढली, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिलीमीटर शेजारी उकिडवा बसून बघत होता. रेघ सरळ होती. त्याच्या स्वतःच्या रेघेपेक्षा सरळ होती. त्याच्या पोटात पुन्हा दुखलं, नेहमीच्याच जागी. हात सवयीने खिशातल्या पट्टीकडे गेला, तिथे थोडा वेळ थांबला आणि रिकामाच बाहेर आला. मग त्याने ग्राइंडर उचलला.